सहा साखळ्या बारा आणे

"सहा पॉइंट बारा," असं मोठ्यानं वाचत झेरॉक्सच्या दुकानातल्या समृद्धीनं ते टाइपही करून टाकलं, आणि संपतराव दसगुडे सवयीनं म्हणाले, "पॉइंट नाही गं. सहा साखळ्या बारा आणे आहेत ते." शिरूरच्या एसटी स्टँडमागं ते दुकान होतं, सकाळचे अकरा वाजले होते, आणि पंखा गरम वारा इकडून तिकडं सारत होता. समृद्धी हसली. "आणे? काका, तुमच्या वेळी जमीन काय पैशात मोजायचे?" चौतीस वर्षं सरकारी भूमापक म्हणून काढलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे आयतीच पर्वणी. संपतरावांनी तिला समजावलं की जुनी साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा, त्या भागांना म्हणायचं आणे. बारा आणे म्हणजे पाऊण. तेव्हा सहा साखळ्या बारा आणे म्हणजे पावणेसात साखळ्या. त्याला सहा पॉइंट बारा म्हणणारा माणूस दहावीला बसवायच्या लायकीचा नाही. हे शेवटचं वाक्य त्यांचं कचेरीतलं ठेवणीतलं होतं, नव्या भरतीच्या पोरांना ऐकवायचं. तेही ऐकवून झालं आणि पुरावा म्हणून दाखवायला त्यांनी कागद आपल्याकडं ओढला. टिपणातल्या, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीतल्या, ६-१२ या आकड्याखालच्या ओळीत, त्यांच्याच नेटक्या, किंचित उजवीकडं झुकलेल्या अक्षरात गुणाकार मांडला होता. ६.१२ गुणिले ३३. बरोबर २०१.९६ फूट. टिंब चांगलं ठसठशीत होतं.

त्यांनी कागद पुन्हा टेबलावर ठेवला. काही झालं नाही. पंखा फिरत होता, बाहेर न्हावऱ्याची गाडी लागल्याचा पुकारा झाला. समृद्धी म्हणाली, "काका, मग काय लिहू? पावणेसात?" आणि पुढं, "परवान्याच्या अर्जाखाली प्रतिज्ञापत्राला टिक करायचीय. वाचून दाखवू?" तिनं वाचून दाखवलं. मी केलेल्या कोणत्याही मोजणीत चूक आढळलेली नाही, असं मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो. आढळलेली नाही. कुणाला आढळलेली नाही, ते फॉर्मात लिहिलेलं नव्हतं. सरकारी मराठीत असा कर्ता नेहमीच रजेवर असतो; जमीन संपादित करण्यात येते, हरकती फेटाळण्यात येतात, चूक आढळून येत नाही. चौतीस वर्षं हीच भाषा लिहून संपतरावांच्या बोटांना घट्टे पडले होते. समृद्धी म्हणाली, "तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय बघा." आला होता. सहा आकडी होता. संपतरावांनी तो पाहिला आणि मोबाइल खिशात ठेवला. "राहू दे आज," ते म्हणाले. "सोमवार शेवटची तारीख आहे, काका." "हो, माहीत आहे," असं म्हणून त्यांनी कागद गोळा केले. तो एक कागद त्यांनी स्वतःच निवडून आणला होता, आपल्या जुन्या कामाचा नमुना म्हणून. ट्रंकेतल्या साऱ्या कच्च्या प्रतींमध्ये तोच सगळ्यात स्वच्छ होता.

नवं धोरण यंदाच आलं होतं. आता सरकारचा मोजणीदार म्हणून वर्ष-सहा महिने वाट पाहायची नाही. परवाना घेतलेले खासगी भूमापक मोजणी करणार, कचेरीनं फक्त तपासून शिक्का मारायचा. निवृत्त लोकांनाही परवाना मिळणार होता. कचेरीतले जुने सोबती चहाच्या टपरीवर त्याला शिव्या घालत आणि घरी जाऊन गुपचूप फॉर्म भरत. संपतरावांना राग येण्याइतकीही उमेद उरलेली नव्हती. त्यांच्या नोकरीत असे पाच-सहा शासन निर्णय येऊन गेले होते. साखळी गेली, फळी आली. फळी गेली, यंत्र आलं. यंत्र गेलं आणि उपग्रहाशी बोलणारी काठी आली, तिला रोव्हर म्हणायचं. दर वेळी एक साहेब खुर्चीतून उठून सांगायचा, आता अचूक. म्हणजे आधीचं सगळं काय होतं, असं कुणी विचारायचं नाही. आता तर गावोगावच्या दगडांवर ती काठी टेकवून त्यांचे अक्षांश-रेखांश कायमचे नोंदवायचं काम चाललं होतं. एकदा नोंद झाली की वाद संपला. संपतराव दुकानातून घराकडं चालत होते आणि त्यांच्या डोक्यात एवढंच घोळत होतं, की ती काठी दगड कुठं आहे ते बोटभर चुकू न देता सांगेल. पण दगड मुळात चुकीच्या जागी रोवलाय, हे तिला कोण सांगणार?

दगड खुटबाव गावात होता. दोन हजार तीन साल. त्यांनी आठवून पाहिलं, आणि आठवणीनं त्यांना दगा दिला नाही. द्यायला हवा होता. ओढ्याकडच्या बुरुजापासून, म्हणजे जुन्या हद्दीच्या दगडापासून, सोजराबाईच्या शेताची रुंदी मोजायची होती. कालव्याकडचा दगड खोदाईत गेलेला, त्यामुळं ताळा करायला दुसरी खूण नव्हती. आठवडाभर ते मीटरचे नकाशे करत होते, त्यात सगळं टिंबानंच लिहायचं. खिशात नवा कॅल्क्युलेटर. त्यांनी त्या दुपारच्या चुकीला काही कारण शोधलं. लेकीला, तेजश्रीला, ताप होता का? नव्हता. साहेबाची कटकट? ती तर रोजचीच. ऊन? नव्हेंबर होता, हवा छान होती. झाडाखाली बसून त्यांनी भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा खाल्ला होता आणि त्यांचं पोट भरलेलं होतं. निदान थकलो होतो, एवढं तरी म्हणता यावं. पण थकवा तेव्हा नव्हताच, तो आता होता. भरल्या पोटी, चांगल्या हवेत, शहाण्यासुरत्या माणसानं डॅशला टिंब समजावं, आणि एकवीस फूट जमीन, ओढ्यापासून कालव्यापर्यंत लांबच लांब, एका घरातून उचलून दुसऱ्या घरात टाकावी. पावणेआठ गुंठे भरतात. हे त्यांनी चालता चालताच काढलं, कॅल्क्युलेटरशिवाय, आणि यावेळी ते बरोबर होतं.

सोजराबाई तेव्हा म्हणाली होती. डोक्यावरचा पदर दातात धरून, पाच-पंचवीस बाप्यांसमोर म्हणाली होती, "साहेब, बोर आमच्या मामंजींनी लावलीया. बोरीच्या पल्याड आमचा बांध हाय." आणि संपतराव म्हणाले होते, "बाई, झाड बोलत नाही. कागद बोलतो." लोक हसले होते. वाक्य चांगलं होतं, त्यांनी ते पुढं बऱ्याच गावांत वापरलं. मग तिच्या नवऱ्यानंच, रीत म्हणून, त्या दगडावर नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. संपतरावांनीही खाल्लं. वरच्या साहेबाकडं फेरमोजणी मागता आली असती. त्या घरानं मागितली नाही. सरकारी दगडाला चुकलास असं कोण म्हणणार?

तेजश्रीला त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. आदल्या संध्याकाळी तिनं फॉर्म भरला का विचारलं तेव्हा सर्व्हर डाऊन होता म्हणून थाप मारली होती, आणि साठीला आलेल्या बापानं लेकीशी खोटं बोलावं याची त्यांना फार लाज वाटली. तेजश्रीनं डिप्लोमा केला होता, सणसवाडीत कारखान्यांच्या शेड आखून द्यायचं काम चार वर्षं केलं होतं, आणि गेल्याच महिन्यात ती नोकरी सोडली होती. तिला एवढ्यात परवाना मिळणार नव्हता, अनुभव कमी पडत होता. बापाचा परवाना, लेकीचं काम, असं ठरलं होतं. बाजारपेठेत गाळा घेतला होता, पाटीसुद्धा रंगवून झाली होती. तिनं कागद नीट पाहिला, टिंबावर बोट ठेवलं, आणि तिला लगेच कळलं. शिकलेल्या पोरीला सगळं लगेच कळतं हीच पंचाईत. "बाबा, तुम्हाला कोणी विचारलंय का?" ती म्हणाली. "नाही." "बावीस वर्षं झाली. तक्रार नाही, अपील नाही. तुम्ही गप्प बसलात तर कुणाचं काही बिघडत नाही. बोललात तर परवाना गेला. माझं बिघडतं." ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिनं चहाचे कप उचलले आणि मोरीपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "तुम्हीच शिकवलंय मला, दगड आधी तपासायचा, मग यंत्र लावायचं. आता हे मी कुठं ठेवू ते सांगा." आपण फक्त बघून येतो, असं संपतराव म्हणाले. कदाचित दगड पुढं कुणी हलवलाही असेल. नांगराला लागून दगड हलतात. देव करो आणि कुणी चोरून हलवलेला असो, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, आणि मोजणीदारानं असली प्रार्थना करावी याचं त्यांना हसूही आलं.

न्हावऱ्यावरून गाडी भीमेच्या पुलावर आली तेव्हा पाणी दोन्ही काठांना लागलेलं होतं. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा, ऊस डोक्याच्या वर गेलेला. चौफुल्याला उतरून त्यांनी वडाप जीप पकडली. आयुष्यभर याच रस्त्यांनी ते साखळी आणि यंत्र घेऊन हिंडले होते, आणि रस्त्याकडेला दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा गट नंबर त्यांना आपोआप आठवे, जसे कुणाला नातेवाईक आठवतात. आज प्रत्येक गटाशेजारी दुसरा विचार येत होता. इथला आकडा मी कसा वाचला होता? आणि इथला? एका टिंबानं चौतीस वर्षांच्या साऱ्या कागदांना शंकेची बुरशी लागली. एक चूक सापडलेली असणं फार वाईट नाही. वाईट हे, की ती सापडेपर्यंत ती बरोबर होती. ती करताना हाताला काहीही वेगळं लागलं नव्हतं. मग ज्या गोष्टी बरोबर वाटतात, त्या कशानं बरोबर वाटतात? शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी त्यांच्याकडं एका डोळ्यानं बघत होती. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि पुढच्या गटाचा नंबर आठवायचा नाही असं ठरवलं, पण तो आठवलाच.

ओढ्याकडचा बुरूज जागेवर होता. संपतरावांचं पाऊल अडीच फुटांचं, अजूनही. बांधाच्या कडेनं ते मोजत निघाले, मनातल्या मनात, ओठ मिटून. ऐंशीव्या पावलानंतर त्यांना पुढचा आकडा मोजायचा नव्हता. एक्याऐंशीव्या पावलावर दगड होता. कुणीही हलवलेला नव्हता. बावीस वर्षांत तो जमिनीत रुतून चांगला मूळ धरल्यासारखा बसला होता. पलीकडच्या उसात, आठ-नऊ पावलांवर, बोरीचं तोडलेलं खोड दिसत होतं. संपतराव दगडावरच बसले. त्यांना खूप थकल्यासारखं वाटलं, असं की कुणी इथंच एक घोंगडी टाकून दिली तर ते उरलेलं आयुष्य निजून काढतील. परत जावं. सोमवारी टिक करावी. पोरीची पाटी लागावी. चूक आढळलेली नाही. खरंच, मी उठून गेलो तर ती कुणालाच आढळलेली नसेल. ही जमीनही आता अशीच सवयीची झाली असेल, उसाला काय कळतं कुणाच्या हद्दीत वाढतोय.

"कोन हाय? मोजनीवालं का?" बांधावर एक बाई डोक्यावर रिकामी पाटी घेऊन उभी होती. "व्हय," संपतराव उठत म्हणाले. गावात आल्यावर जीभ आपोआप वळते. "म्या सुवर्णा, सोजराबाईची सून. आज घरी माज्या मामंजींचं, आत्याबाईंच्या मालकांचं, पित्तर हाय, पाव्हणं. आजच्या दिशी बांधावरनं कुनी उपाशी जाऊ नये. चला." नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि त्यांच्याजवळ एकही कारण नव्हतं. ते तिच्या मागं चालू लागले. घर जवळच होतं, पत्र्याची ओसरी पुढं काढलेली. ओसरीवर सात-आठ जणांची पंगत बसलेली. पितृपंधरवड्यात ज्या तिथीला घरचं माणूस गेलं त्या तिथीला गावातली चार माणसं त्याच्या नावानं जेवू घालायची. पत्रावळीवर खीर, वडे, अळूची वडी, भोपळ्याची भाजी. पंगतीच्या टोकाला पाटावर जरा मान राखून बसवलेला म्हातारा कोंडिबा होता, पलीकडच्या शेताचा मालक, शेजारी म्हणून बोलावलेला. एकवीस फूट ज्याला मिळाले तो. आणि चुलीपाशी सोजराबाई. ती वाळून निम्मी झाली होती, पण तिनं संपतरावांना ओळखायला एक क्षणही लावला नाही.

"मोजणीसाहेब," ती म्हणाली. "आता पुना काय मोजाय आला?"

संपतराव म्हणाले की जरा बाजूला बोलायचंय. ती त्यांना परड्यात घेऊन गेली, शेवग्याखाली. त्यांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं, अभिलेखात लेखनप्रमाद झाल्याचं निदर्शनास आलं असून वगैरे, पण तोंड उघडल्यावर ते वाक्य आलंच नाही. "आजी, मी चुकलो होतो," ते म्हणाले. "आकडा वाचायला चुकलो. दगड एकवीस फूट आत रोवला. तुमचा बांध बोरीच्या पलीकडंच होता." सोजराबाईनं पदराला हात पुसले. जमीन किती, परत कधी मिळंल, कुणाला अर्ज करायचा, यातलं तिनं काहीच विचारलं नाही.

"म्हंजी आमच्या मामंजींनी बांध कोरला नव्हता?"

संपतरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं. दगड आत आला, म्हणजे एवढी वर्षं ते घर दुसऱ्याची जमीन खात होतं, असा त्याचा सरळ अर्थ. सरकारनंच तो अर्थ रोवून दिला होता. खेड्यात चोरालाही पोरगी मिळते, पण दर नांगरटीला शेजाऱ्याचा बांध टवका-टवका कोरणाऱ्याला माणसांत बसू देत नाहीत. "नाही," ते म्हणाले. "कोरला नव्हता."

"आमाला बांधकोरं म्हनत्यात," सोजराबाई म्हणाली. "बावीस वरीस. माज्या लेकीची, नकुशीची, सोयरीक मोडली त्याच्यापायी. त्ये बी सोसलं. पर आमचं मालक... त्यांनी बापाचा फोटू काडला भितीवरला. म्हनलं, ज्यानं मला चावडीत मान खाली घालाय लावली त्याच्या नावाचा घास ह्या घरात वाडायचा न्हाई. पित्तर बंद केलं बापाचं. नऊ वरसांमागं सोता गेले, मरताना बी त्येच सांगून गेले. लेकानं बापाला उपाशी ठिवलं, साहेब. आन् तुमी म्हनता आकडा वाचाय चुकला."

संपतराव म्हणाले, "मी लिहून देतो. उद्याच कचेरीत देतो. माझ्या सहीनं." ते खरंच देणार होते, आता त्यात ठरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. परवाना गेला होता. तेजश्रीचं पाठमोरं उभं राहणं त्यांना दिसलं, आणि ते आता बराच काळ दिसत राहणार होतं.

"कागदाचं म्हागनं बगू," सोजराबाई म्हणाली. "कागद वाचाय कोन येतंय? पंगत बसल्याली हाय. तितं बोला, तोंडानं."

ते ओसरीवर आले. कचेरीत, कोर्टात, भांडणाऱ्या भावकीच्या मधोमध त्यांनी आयुष्यभर खणखणीत आवाजात हद्दी सांगितल्या होत्या. आता आवाज कुठून आणायचा तेच कळेना. तरी ते बोलले. मी त्या वेळचा मोजणीदार. चूक माझी. यांच्या वाडवडिलांनी कुणाचा बांध कोरलेला नाही. एवढी तीन वाक्यं. कुणीतरी वडा मोडता मोडता थांबलं. सुवर्णा खिरीचं पातेलं धरून तशीच उभी. कोंडिबा म्हणाला, "मला सरकारनं दिलं, म्या घेतलं. म्या काय मागाय गेलतो?" त्यानं हात पत्रावळीतून काढून घेतला. "पर बांधकोरं पयल्यांदा म्याच म्हनलं व्हतं," तो म्हणाला. "भर चावडीत. त्ये सरकारनं न्हाई सांगितलं." पण तो पंगतीतून उठला नाही.

सोजराबाईनं तोवर कोंडिबाच्या शेजारची जागा ओल्या फडक्यानं पुसली होती. तिनं पाट मांडला, पत्रावळ ठेवली, तांब्या ठेवला. "बसा," ती संपतरावांना म्हणाली.

"कुणाचं पान आहे हे?"

"माज्या मामंजींचं."

"मी, आजी? मी कसा बसू त्या पानावर?" त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "दुसऱ्या कुणाला बसवा. घरातलं कुणी."

"दुसरं कोन?" सोजराबाई म्हणाली. "तुमीच उठिवलं व्हतं त्यास्नी पानावरनं."

संपतराव बसले. तिनं आधी खीर वाढली, मग वडे, मग भाजी, एकेक जिन्नस, घाई न करता. मग तिनं पळी खाली ठेवली, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि पंच्याहत्तरीची ती बाई गुडघ्यावर हात टेकत खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवू लागली. संपतरावांनी पाय मागं घेतले नाहीत. तो नमस्कार त्यांना नव्हता, त्यामुळं तो नाकारायचा हक्कही त्यांना नव्हता.

"पोटभर जेवा, मामंजी," ती म्हणाली. "लई उशीर झाला."